परक्या मोटारीची आठवण

मराठीत 'स्मरणरंजन' हा शब्द आता चांगलाच रुळला आहे. दिवाळी अंकांत, रविवारच्या पुरवण्यांत आणि आत्मचरित्रांच्या पहिल्या शंभर पानांत त्याला हक्काची जागा असते. या स्मरणरंजनाचा एक लाडका विषय म्हणजे जुन्या काळातील मोठ्या अमेरिकन मोटारी. डॉज, प्लिमथ, डिसोटो, शेव्हरोले, ब्यूक, स्टुडबेकर आणि सरतेशेवटी इम्पाला, अशी नावे त्यात मंत्रासारखी येतात. सोफ्यासारखी रुंद आसने, चकाकणारे क्रोमचे बंपर, मागच्या बाजूला माशाच्या परांसारखे उठलेले पंख, आठ माणसे बसवूनही उरणारी जागा आणि 'आता तशा गाड्या होणे नाही' हा ठरलेला उसासा. मजकूर कोणाचाही असो, सूर बहुधा हाच असतो.

असे लेखन आम्ही आवडीने वाचतो. ज्याने ते दिवस अनुभवले, त्याला ते आठवण्याचा हक्क आहेच, आणि वस्तूंच्या आठवणींतून माणसांचा काळ कळतो हेही खरे. परंतु नागपूर जिल्ह्यातील कुहीसारख्या तालुक्याच्या गावी बसून हे वाचताना एक प्रश्न पडल्याशिवाय राहत नाही. या मोटारी आमच्या आजोबांच्या अंगणात कधी उभ्या राहिल्या नाहीत आणि वडिलांनाही त्या कधी परवडल्या नाहीत. आमचा जन्म झाला तोवर त्यांचा काळ संपलाही होता. तरीही ही वर्णने वाचताना आम्हाला काहीतरी हरवल्याची हुरहुर लागते, ती का? आपल्या वाट्याला न आलेल्या वस्तूची आठवण आपल्याला कशी येते? आणि ही आठवण उसनी असेल, तर आपली स्वतःची आठवण कुठे गेली?

या प्रश्नाचे उत्तर मनाच्या तळाशी शोधण्याआधी इतिहासात शोधलेले बरे, असे आम्हाला वाटते. कारण अमेरिकन मोटार आणि आमचा हा प्रदेश यांचे नाते आहे. ते पुष्कळ जवळचे आहे. फक्त स्मरणरंजनाच्या खिडकीतून ते दिसत नाही.

आधी मोटारीची गोष्ट सांगू. अमेरिकन गाडी भारतात आली ती प्रामुख्याने खोक्यांतून. फोर्ड कंपनीने १९२६ साली भारतात आपली शाखा काढली आणि जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना सुरू केला. सुटे भाग बोटीने यायचे आणि येथे जोडले जायचे. म्हणजे 'अमेरिकन' म्हणून जी गाडी रस्त्यावर धावे, तिचे शेवटचे बोल्ट मुंबईच्या कामगाराने आवळलेले असत. पुढे मूळच्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी या धंद्यात स्वदेशी पाय रोवायचे ठरवले. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी त्यांनी अमेरिकेत जाऊन क्रायस्लर कंपनीशी बोलणी केली. युद्धकाळात इंग्रज सरकारने या उद्योगाला आश्रय दिला नाही. तरीही १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी उभी राहिली आणि १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज आणि प्लिमथ मोटारी, तसेच डॉज आणि फार्गो ट्रक बाहेर पडू लागले. स्वातंत्र्याचे साल आणि कुर्ल्याच्या पहिल्या गाडीचे साल एकच आहे.

या कारखान्याची एक गंमत येथे सांगायला हवी. डॉज किंग्सवे, प्लिमथ सव्हॉय आणि डिसोटो डिप्लोमॅट ही तीन नावे जुनी माणसे तीन वेगळ्या घराण्यांची म्हणून सांगतात. कोणती गाडी अधिक रुबाबदार, यावर त्यांचे वादही होत असतात. प्रत्यक्षात ती मुळात एकच गाडी. क्रायस्लर कंपनी परदेशांतील बाजारासाठी प्लिमथच्याच सांगाड्यावर वेगवेगळे तोंडवळे आणि वेगवेगळ्या पाट्या चढवून ती विकत असे. नावावरून जडलेला जिव्हाळा वस्तूच्या आतपर्यंत पोचतोच असे नाही, याचे हे एक बोलके उदाहरण.

१९५३ साली टॅरिफ कमिशनने मोटार उद्योगाविषयी अहवाल दिला. नुसती जुळणी करणाऱ्यांनी थांबावे आणि ज्यांच्यापाशी देशातच भाग घडवण्याचा कार्यक्रम आहे त्यांनीच पुढे जावे, असा त्याचा रोख होता. परिणामी जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी काढता पाय घेतला. शिवडीचा कारखाना १९५४ साली बंद झाला. प्रीमियरनेही हळूहळू मोठी अमेरिकन गाडी सोडून छोटी इटालियन फियाट हाती धरली आणि उत्तरपाड्याला मॉरिस ऑक्सफर्डची अँबेसिडर झाली. १९५७ च्या सुमारास परकीय चलनाची टंचाई तीव्र झाली आणि परदेशी मोटार आयात करणे सामान्य श्रीमंतांच्याही आवाक्याबाहेर गेले. त्यानंतर नवी अमेरिकन गाडी दिसली तर ती बहुधा एखाद्या वकिलातीची. वकिलातींच्या वापरून झालेल्या गाड्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जात, आणि त्या घेण्यासाठी सिनेनट, कारखानदार आणि संस्थानिक यांच्यात चढाओढ लागे. 'इम्पाला' हा शब्द श्रीमंतीचा समानार्थी झाला तो याच काळात. तिच्या गुणांइतकीच तिची दुर्मिळता त्याला कारण होती.

दुर्मिळतेचा दुसरा परिणाम मुंबईच्या रस्त्यांवर दिसे. ज्या मोटारी आधी आलेल्या होत्या, त्या मरू द्यायच्या नाहीत, असा जणू पणच तिथल्या कारागिरांनी केला होता. डॉज आणि प्लिमथ गाड्या टॅक्सी होऊन वर्षानुवर्षे धावल्या. मूळचे पेट्रोल पिणारे इंजिन काढून त्या जागी डिझेलचे इंजिन बसवायचे, मिळत नसलेला भाग लेथवर कातून घ्यायचा, पत्रा सडला तर ठोकून नवा चढवायचा, असे हे चाले. क्यूबातील हवाना शहरात आजही पन्नाशीच्या दशकातील अमेरिकन मोटारी धावताना दिसतात आणि पर्यटक त्यांची छायाचित्रे काढतात. तेथेही कारण हौसेचे नव्हते. क्रांतीनंतर अमेरिकेने व्यापार तोडला, नवी गाडी येईना, म्हणून जुनी जगवावी लागली. गरजेने जगवलेली वस्तू पुढे शोभेची होते, हा अनुभव हवानाचा आहे आणि मुंबईचाही.

येथे आमच्या मते या विषयातील पहिला महत्त्वाचा मुद्दा हाती लागतो. त्याच मोटारींविषयी अमेरिकेतील म्हातारे जे स्मरणरंजन करतात, ते विपुलतेचे आहे. युद्ध जिंकलेला देश, स्वस्त पेट्रोल, नवे महामार्ग आणि दरवर्षी बदलणारे मॉडेल. जनरल मोटर्सचा हार्ले अर्ल हा आरेखनकार दरसाल नवा आकार काढी तो अशासाठी, की गेल्या सालची गाडी लोकांना जुनाट वाटावी आणि त्यांनी ती टाकून द्यावी. लढाऊ विमानावरून त्याला सुचलेले पंख १९४८ च्या कॅडिलॅकवर उगवले आणि १९५९ साली ते सर्वांत उंच झाले. १९७३ च्या तेलसंकटानंतर ही सारी ऐट उतरणीला लागली. आपल्याकडील स्मरणरंजन याच्या नेमके उलट, म्हणजे टंचाईचे आहे. टाकून देण्यासाठी घडवलेली वस्तू आपण तीस वर्षे वापरली. म्हणूनच आपल्या आठवणीतील मोटारीला एक चिकाटी आहे, कारागिराच्या हातांचा वास आहे, जो अमेरिकन आठवणीत क्वचितच असतो. आपले लेखक मात्र ही टंचाईची गाडी आठवताना भाषा वापरतात ती विपुलतेची. आसनांची रुंदी आणि क्रोमची चकाकी यांची वर्णने ते करतात आणि ती गाडी जगवणाऱ्या मिस्त्रीला एका वाक्यात उरकतात. उसनेपणा सुरू होतो तो येथे.

आता आमच्या प्रदेशाकडे वळू. त्या मोटारी नागपुरात तुरळक दिसत, कुहीत त्याहूनही तुरळक. परंतु ही मोटार ज्या पोलादाची होत असे, त्या पोलादाला आमच्या मातीची गरज होती. ही अलंकारिक भाषा नव्हे, धातुशास्त्रातली साधी गोष्ट आहे. पोलाद करताना त्यातील गंधक आणि प्राणवायू यांचा बंदोबस्त करावा लागतो, नाहीतर तापलेले पोलाद लाटताना तडकते. हे काम मँगनीज करते आणि पोलादाला चिवटपणाही देते. त्या काळी एक टन पोलादामागे साधारणतः सहा-सात किलो मँगनीज लागे. अमेरिकेच्या स्वतःच्या भूमीत उत्तम प्रतीचे मँगनीज फारसे नाही. ते बाहेरून आणावे लागे. आणि जगातील उत्तम मँगनीजचा एक मोठा पट्टा नागपूर, भंडारा आणि बालाघाट या तीन जिल्ह्यांतून जातो.

१८९६ साली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट या नावाने इंग्रज भांडवलदारांनी येथे खनिजाचा शोध सुरू केला. पुढे तिचेच सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी असे नामांतर झाले. रामटेकजवळचे मनसर आणि कांद्री, सावनेरकडचे गुमगाव, तुमसरकडचे चिखला आणि डोंगरी बुजुर्ग, बालाघाटचे भरवेली ही नावे मुंबईच्या वाचकाला अपरिचित असतील. लंडनच्या धातूबाजाराला मात्र ती तोंडपाठ होती. रायपूर ते विजयनगरम हा लोहमार्ग आणि १९३३ साली खुले झालेले विशाखापट्टणमचे बंदर यांच्यामागे मध्य प्रांतातील हे खनिज समुद्रापर्यंत स्वस्तात पोचवणे हा एक मोठा हेतू होता.

१९४९ च्या सुमारास या कहाणीला जागतिक वळण लागले. शीतयुद्ध तापले आणि तोवर अमेरिकेला मँगनीजचा मोठा साठा पुरवणाऱ्या सोव्हिएत रशियाने हात आखडता घेतला. अमेरिकेच्या पोलादभट्ट्यांनी भारताकडे मोर्चा वळवला. पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी भारत हा अमेरिकेचा मँगनीजचा प्रमुख पुरवठादार होता, आणि भारताचे मँगनीज म्हणजे मोठ्या अंशी नागपूर, भंडारा आणि बालाघाट. ही तिन्ही ठिकाणे तेव्हा एकाच राज्यात, नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेशात होती. डेट्रॉइटच्या मोटारींना पंख फुटले तो काळ नेमका हाच. कोणत्या गाडीच्या कोणत्या पत्र्यात मनसरचा कण गेला, हे कोणी सांगू शकणार नाही. परंतु त्या पोलादाच्या हिशेबात मनसर होते, हे निश्चित.

त्या वर्षांचा आणखी एक धागा आहे. १९५०-५१ साली भारतात अन्नधान्याची भीषण टंचाई होती. अमेरिकेकडून गहू मागण्यात आला आणि तेथील काँग्रेसमध्ये महिनोन्महिने वाद झाला. या गव्हाच्या बदल्यात भारताने मँगनीज, मोनाझाइट यांसारखी युद्धोपयोगी खनिजे द्यावीत, असा अनेक सदस्यांचा आग्रह होता. अखेर जून १९५१ मध्ये एकोणीस कोटी डॉलरच्या कर्जाचा कायदा झाला आणि त्याच्या परतफेडीत अशा खनिजांची सोय ठेवण्यात आली. म्हणजे आमच्या जिल्ह्यातील दगड तेव्हा गव्हाच्या पारड्यासमोर मांडला गेला होता. मोठ्या मोटारीच्या आठवणीत हे पारडे कोठेच दिसत नाही.

ते खनिज काढीत कोण? मँगनीजच्या बहुसंख्य खाणी त्या काळी उघड्या होत्या. सुरुंगाने डोंगर फोडायचा, घणाने ढेकळे बारीक करायची आणि चांगला दगड हाताने निवडून टोपल्यांतून वाहायचा. या निवडण्यात आणि वाहण्यात स्त्रियांचा वाटा फार मोठा होता. आमच्याकडे त्यांना रेजा म्हणतात. गोंड, छत्तीसगडी आणि गावोगावच्या भूमिहीन घरांतील या बायांनी काळ्या दगडांच्या राशी रचल्या. १९६२ साली करार होऊन मँगनीज ओअर इंडिया लिमिटेड, म्हणजे आजची नागपूरची मॉयल, स्थापन झाली. १९७७ साली इंग्रज कंपनीचा उरलेला हिस्साही सरकारने घेतला. खाणी आपल्या झाल्या. पण डोक्यावर टोपली घेतलेल्या त्या बाईची आठवण मराठीत फारशी कोणी लिहिली नाही. मोटारीच्या आरशात स्वतःचे रूप न्याहाळणाऱ्यांची आठवण मात्र पुष्कळांनी लिहिली.

मोटारीला पोलाद लागते तसा रस्ताही लागतो. आणि येथे पुन्हा नागपूरच पुढे येते. डिसेंबर १९४३ मध्ये देशभरातील मुख्य अभियंते नागपुरात जमले आणि त्यांनी वीस वर्षांचा रस्तेबांधणीचा आराखडा केला. 'नागपूर प्लॅन' या नावाने तो अभियांत्रिकीच्या पुस्तकांत आजही शिकवला जातो. राष्ट्रीय महामार्ग, राज्यमार्ग, जिल्हामार्ग, ग्राममार्ग ही उतरंड त्यातून रूढ झाली. विकसित शेतीच्या प्रदेशातील कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून दूर असू नये, हे त्याचे उद्दिष्ट होते. ज्या शहराच्या नावाने ही योजना ओळखली जाते, त्याच शहराच्या जिल्ह्यातील आमच्या काळ्या मातीच्या तालुक्यात मात्र पावसाळ्याचे चार महिने पुष्कळ गावे एकमेकांना पारखी होत. चिखलात बैलगाडीचे चाक आसापर्यंत रुते, तेथे चकाकत्या बंपरची काय कथा? वाटेने रेंगी, छकडा किंवा दमणी जाई. बाहेरच्या जगाशी संबंध होता तो नागपूरहून उमरेडमार्गे नागभीडकडे जाणाऱ्या छोट्या रेल्वेचा. १९०८ साली सुरू झालेली ही छोटी गाडी २०१९ पर्यंत आमच्या तालुक्यातून डुलत डुलत जात असे, आणि मग रूळ रुंद करण्यासाठी ती बंद झाली. न जोडलेल्या वस्त्यांना बारमाही रस्ता देण्यासाठी प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली ती डिसेंबर २००० मध्ये, म्हणजे नागपूरच्या त्या आराखड्यानंतर सत्तावन्न वर्षांनी.

हे सारे पाहिल्यावर असे वाटेल, की अमेरिकन वाहन आमच्यापर्यंत कधी पोचलेच नाही. तसे मात्र नाही. ते पोचले, पण वेगळ्या वेषात आणि उशिरा. त्याचे नाव जीप.

जीप ही युद्धाची लेक. १९४१ पासून अमेरिकन सैन्यासाठी विलिस कंपनीने ती प्रचंड संख्येने काढली. के. सी. महिंद्र युद्धकाळात भारताच्या पुरवठा मंडळाचे काम पाहण्यासाठी अमेरिकेत होते आणि जीपच्या घडणीत ज्याचा मोठा हात होता त्या बार्नी रूसची आणि त्यांची तेथे भेट झाली. १९४५ साली महिंद्र बंधू आणि गुलाम मोहम्मद यांनी मिळून पोलादाच्या व्यापाराची कंपनी काढली होती. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तेथे अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ साली कंपनीचे नाव बदलून महिंद्र अँड महिंद्र झाले. १९४७ पासून या कंपनीने मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे परवाना घेऊन ती येथेच घडवली. मोठी अमेरिकन मोटार पन्नाशीच्या दशकात मावळली, पण जीपचा सांगाडा येथे अर्धशतकाहून अधिक काळ टिकला. फक्त पोटात पेट्रोलच्या जागी डिझेल आले. पुढे तर इंजिन प्यूजो या फ्रेंच कंपनीच्या घडणीचे होते. अमेरिकन हाडे, फ्रेंच काळीज आणि मराठी ड्रायव्हर, असा तो संगम होता.

खेड्यात ही जीप आली ती आधी सत्तेची खूण होऊन. तहसीलदार, फौजदार, विकास अधिकारी आणि निवडणुकीतील उमेदवार, एवढ्यांचीच ती. धुळीचा लोट दिसला की पोरे धावत सुटत आणि मोठी माणसे विचारात पडत, की आज कोणाचे काय निघाले. पुढे नव्वदीच्या दशकात तिचाच लांबवलेला अवतार काळी-पिवळी होऊन आला आणि मग ती खऱ्या अर्थाने आमची झाली. आमचे तारुण्य या काळी-पिवळीत गेले. नऊ-दहांच्या जागेत चौदा-पंधरा माणसे, ड्रायव्हर अर्धा बाहेर, मागच्या पायरीवर क्लीनर, टपावर सायकल आणि मिरचीची पोती. मिरचीच्या सातऱ्यावर देठ खुडायला जाणाऱ्या बाया, नागपूरच्या दवाखान्यात निघालेला म्हातारा, परीक्षेला जाणारा विद्यार्थी आणि मांढळच्या बाजाराला जाणारा शेतकरी एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसत. यात सुख होते असे आम्ही म्हणणार नाही. अपघात होत, माणसे जात. परंतु ज्या गावी एस.टी. दिवसातून एकदा येई, किंवा येतच नसे, त्या गावची मुलगी महाविद्यालयात पोचली ती या वाहनामुळे, हे आम्ही वर्गात बसून आणि पुढे वर्गापुढे उभे राहून पाहिले आहे.

मराठी भाषेनेही या वाहनाला आपलेसे केले. स्टेपनी, डिकी, बोनेट, टप, सेल्फ, पासिंग, क्लीनर हे शब्द कोशातून खेड्यात आलेले नाहीत. ते गॅरेजातून आणि स्टँडवरून आले. एखाद्याला सतत 'धक्का स्टार्ट' म्हणणे, किंवा वरचेवर बदली पडणाऱ्याला 'स्टेपनी' म्हणणे, ही बोली ज्या समाजाने घडवली त्याने मोटार पाहिली ती बाहेरून ढकलताना. आत बसून मागे टेकून पाहिलेल्या मोटारीने आपल्याला उसासे दिले. ढकललेल्या मोटारीने शब्द दिले. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी यातील फरक ध्यानात घ्यावा.

तर मग आरंभीच्या प्रश्नाचे काय? आमच्या वाट्याला न आलेल्या मोटारीची हुरहुर आम्हाला का लागते? आमचे उत्तर असे आहे. छापील मराठीत आठवणी कोणाच्या असाव्यात, हे बराच काळ एका लहान वर्गाने ठरवले. शहरातील, वाहन असलेल्या, किंवा वाहन असणाऱ्यांच्या शेजारी राहणाऱ्या माणसांचा भूतकाळ हाच सर्वांचा भूतकाळ म्हणून छापला गेला. तो वाचत वाचत आम्ही वाढलो आणि त्यांच्या हुरहुरीला आमची हुरहुर समजू लागलो. दलित आत्मकथनांनी आणि ग्रामीण साहित्याने ही मक्तेदारी मोडली, हे खरे. परंतु ती मोडली दुःखाच्या प्रांतात. सुखाच्या, हौसेच्या, वस्तूंच्या आठवणींचा प्रांत अद्याप बव्हंशी पूर्वीच्याच मालकांकडे आहे. खेड्यातील माणसाने भुकेविषयी लिहावे आणि शहरातील माणसाने मोटारीविषयी, अशी जणू वाटणीच झाली आहे. ही वाटणी आम्हाला मान्य नाही.

याचा अर्थ प्लिमथच्या आठवणी लिहू नयेत असा कोणी घेऊ नये. त्या जरूर लिहाव्यात, पण पुऱ्या लिहाव्यात. मोटार आठवताना तिचा ड्रायव्हर रात्री कोठे झोपत असे तेही आठवावे. कुर्ल्याच्या कारखान्यातील कामगार आठवावा. मनसरच्या खाणीतील रेजा आठवावी. असे केले की आठवणीचे सौंदर्य उणावत नाही. तिला वजन येते. स्मरणाला कार्यकारणाची जोड मिळाली की त्याचा इतिहास होतो. ती न मिळाली तर ते रंजनच राहते.

हे लवकर करायला हवे, कारण आमच्या बाजूच्या आठवणींच्या खुणा वेगाने पुसल्या जात आहेत. १९८८ साली पायाभरणी झालेल्या गोसीखुर्द प्रकल्पाच्या जलाशयात आमच्या तालुक्यातील कित्येक गावे उठली. ज्या वाटांवरून आधी छकडे आणि मग काळी-पिवळी धावली, त्यांतील काही वाटा आज पाण्याखाली आहेत. त्या गावांतील माणसे पुनर्वसनाच्या वसाहतींत राहतात. जुन्या गावाच्या स्टँडविषयी त्यांना विचारले तर ती अर्धा तास थांबत नाहीत. त्यांचे बोलणे टिपून घेणारे मात्र थोडे. आम्ही आमच्या विद्यार्थ्यांना हे काम दिले आहे. आजी-आजोबांना विचारा, तुम्ही पहिल्यांदा मोटारीत कधी बसलात, कशासाठी बसलात, आणि भाडे किती दिले? उत्तरांत बहुतेकदा दवाखाना येतो, लग्न येते, कोर्ट येते, किंवा दीक्षाभूमी येते. इम्पाला येत नाही.

अंभोऱ्याला, जेथे मुकुंदराजांनी 'विवेकसिंधु' रचला अशी आमच्याकडची परंपरा सांगते, वैनगंगेवर केबलचा भव्य पूल झाला आणि २०२४ साली तो वाहतुकीस खुला झाला. सुट्टीच्या दिवशी तेथे नागपूरहून मोठमोठ्या मोटारींची रांग लागते. पाऊणशे वर्षांपूर्वीच्या त्या अमेरिकन गाड्यांसारख्याच या रुंद, उंच आणि चकचकीत आहेत. पुलाच्या कठड्याशी उभे राहून लोक छायाचित्रे काढतात आणि परततात. आणखी चाळीस वर्षांनी यांतील कोणीतरी या मोटारीच्या आठवणी लिहील, यात शंका नाही. त्या वेळी पुलाखालच्या पाण्यात काय होते, हे सांगणारे लेखनही शेजारी असावे, एवढीच आमची धडपड आहे.